गिएनगोलाची ऑनलाइन टूर घेतली, जसं झालं तसं सांगतो

स्टार चार. त्यातला एक कंपनीला आणि तीन त्या गाईडबाईंना. ॲपमध्ये असं वेगवेगळं देता येत नाही म्हणून इथं सविस्तर लिहितो. कंपनीचं नाव टाकत नाही, अर्ध्या पैशाच्या रिफंडाचं बोलणं अजून चालू आहे, उगाच मी लिहिलेलंच माझ्या तोंडावर मारायला नको.

टूर गिएनगोलाची. मेक्सिकोच्या दक्षिणेला ओआहाका नावाचं राज्य आहे, त्यात तेहुआन्तेपेक गावाजवळच्या डोंगरावर झापोटेक लोकांनी बांधलेलं तटबंदीचं शहर, साधारण 1350 ते 1500 या काळातलं. आता सोलापुरात बसून हे आमच्या डोक्यात कुठनं आलं, तर पोरीच्या प्रोजेक्टमुळं. नववीत आहे, विषय होता 'एक किल्ला'. वर्गात निम्म्यांनी रायगड घेतला, उरलेल्यांनी नळदुर्ग, आणि मॅडम म्हणाल्या कुणीतरी बाहेरच्या देशातला घ्या की. हिनं 2025 च्या जानेवारीतली एक बातमी शोधून काढली, विमानातनं लेझर मारून जंगलाखालचं शहर मोजलं अशी, आणि मग मागंच लागली. त्यात ही ऑनलाइन टूर दिसली, 28 डॉलर एका कनेक्शनला, घरातले कितीही बसा. कार्डाचे चार्जेस धरून अडीच हजाराच्या वर गेलं. माझ्या कार्डावर परदेशी व्यवहार बंदच होते, ते चालू करायला बँकेच्या ॲपमध्ये एक अख्खी संध्याकाळ गेली, ते वेगळंच.

वेळ मात्र सोयीची. आपण त्यांच्या साडेअकरा तास पुढं, म्हणजे त्यांच्या सकाळी नऊला आपले रात्रीचे साडेआठ. शनिवार होता. टीव्हीला लॅपटॉप जोडला, आई खाटेवर, बायको कणीक मळत येऊन-जाऊन, पोरगी वही घेऊन अगदी पुढं, आणि समोरच्या ब्लॉकमधले सर. सर म्हणजे रिटायर्ड इतिहासाचे मास्तर, त्यांना बोलावलं नसतं तर महिनाभर ऐकून घ्यावं लागलं असतं.

आता तक्रार. जाहिरातीत लिहिलंय 'लाइव्ह टूर'. मला वाटलं बाई मोबाईल घेऊन डोंगर चढणार आणि आपण तिच्याबरोबर. तसं काही नाही. पहिली वीस मिनिटं रेकॉर्ड केलेला व्हिडिओ, ड्रोननं घेतलेला, त्यावर ढँण ढँण म्युझिक, आणि मागनं एक माणूस खोल आवाजात सांगतोय की हे 'हरवलेलं शहर', शतकानुशतकं कुणाला ठाऊक नव्हतं, जंगलानं गिळलं होतं, अमुक तमुक. सर तिथंच तापले. म्हणाले ह्यांनी हरवलं म्हणून हरवतं होय ओ, खाली गावं आहेत, गुरं चारायला माणसं वर जात असतील, त्यांना विचारलं का कुणी. आणि सरांचं बरोबर निघालं, पुढं बाईंनीही तेच सांगितलं, गावात ही जागा सगळ्यांना माहीत, पायवाट आहे, फक्त झाडीखाली शहर पसरलंय किती हे कुणी मोजलं नव्हतं. उद्या कुणी नळदुर्गावर ड्रोन उडवून 'हरवलेला किल्ला सापडला' म्हटलं तर आपल्याला कसं वाटेल, तसं ते वाटत होतं. वीस मिनिटांत मी दोनदा घड्याळ बघितलं आणि आईनं एकदा विचारलं, "ही बाई कवा यायची?"

त्यावर कडी अशी की त्या व्हिडिओला ऑटोमॅटिक सबटायटल. अझटेकांचा राजा आवित्सोत्ल, पुढं वेढ्याच्या गोष्टीत येतो तो, त्याचं नाव दर वेळी काहीतरी वेगळंच उमटायचं, एकदा तर सरळ '…हॉटेल' असं आलं. आईला इंग्रजी अक्षरं जुळवून जुळवून वाचता येतात. "कोणतं हॉटेल गं?" त्यानंतर आमच्या घरात त्या राजाचं नाव हॉटेलवालाच पडलं, आणि पोरीनं प्रोजेक्टच्या कच्च्या वहीत पण तेच लिहिलंय, ते फेअर करताना काढायचंय.

मग बाई आल्या आणि टूर सुरू झाली. म्हणजे माझ्या हिशोबानं टूर तिथनं सुरू झाली.

त्या तेहुआन्तेपेकमध्ये आपल्या घराच्या अंगणात बसलेल्या. पहिलंच वाक्य, की डोंगरावर रेंज नाही म्हणून मी वरनं बोलू शकत नाही, कंपनी 'लाइव्ह' का लिहिते ते कंपनीला विचारा. तिथंच आमच्या घरात बाईंचं वजन वाढलं. इंग्रजी सावकाश, प्रत्येक शब्द सुटा, आपल्याला कळेल असं. घरात झापोटेक बोलतात, बाजारात स्पॅनिश आणि पाहुण्यांशी इंग्रजी. सर लगेच म्हणाले हे तर सोलापूर झालं की, शेजारी घरात तेलुगू, दुकानात कन्नड, रिक्षावाल्याशी हिंदी आणि भांडायला मराठी. ते मी इंग्रजीत कसंबसं सांगितलं तर त्या इतक्या हसल्या की मागनं कोंबडी उडाली. गिएनगोला म्हणजे त्यांच्या भाषेत मोठा दगड. आणि झापोटेक हे बाहेरच्यांनी दिलेलं नाव, ते लोक स्वतःला बिन्निझा म्हणतात, ढगांची माणसं. पोरीनं हे वहीत दोनदा अधोरेखित केलं.

त्यांनी मग लेझरवाला नकाशा काढला, आणि इथं अडीच हजारातले हजारेक वसूल झाले असं मी म्हणेन. पेद्रो गिलेर्मो रामोन सेलिस म्हणून पुरातत्त्व अभ्यासक आहेत, कॅनडाच्या मॅकगिल विद्यापीठात, आणि त्यांच्या आईकडचं घराणं ह्याच तेहुआन्तेपेक भागातलं. लहानपणी घरात गिएनगोलाच्या गोष्टी ऐकलेल्या. म्हणजे शोध लावणारा पण घरचाच माणूस, हे त्या ढँण ढँण व्हिडिओत नव्हतं. 2018 पासून त्यांचं काम चालू, आणि 2022 मध्ये विमानातनं लायडार केलं. लायडार कसं चालतं हे मला पहिल्यांदा नीट कळलं. विमान वरनं लेझरचे ठिपके सोडत जातं, बरेचसे पानांवर आपटून परत येतात, पण काही पानांच्या फटीतनं खाली मातीपर्यंत जाऊन येतात. परत यायला लागलेल्या वेळावरनं उंची कळते. मग कॉम्प्युटर पानांवरचे ठिपके बाजूला काढतो आणि जमिनीवरचे ठेवतो. आईला मी सांगितलं, उफणणीसारखं आहे, भूस उडून जातं आणि जोंधळा खाली राहतो. आई म्हणाली, मग असं सरळ सांग की.

जे पायी हिंडून करायला वर्षं लागली असती ते विमानानं दोन तासांत झालं. निघालं काय, तर 360 हेक्टरवर पसरलेलं शहर, 1,100 च्या वर बांधकामं, 4 किलोमीटर तटबंदी, आतले रस्ते, देवळं, चेंडू खेळायची मैदानं, मोठ्या लोकांची वस्ती कुठं आणि साध्या लोकांची कुठं हे सुद्धा वेगळं दिसतं. सर म्हणाले एकरात सांगा. सांगितलं, 890 एकर. मग सर गप्प बसले, आणि सर गप्प बसणं ही आमच्या बिल्डिंगमध्ये बातमी आहे. आधी लोक समजायचे की ही नुसती शिबंदी ठेवायची जागा असेल, लढाईपुरती. पण अकराशे बांधकामं म्हणजे संसार आहे, चुली आहेत, पोरं आहेत.

नकाशा स्वतः बाईंनी हळूहळू मोठा करत दाखवला, आणि मध्येच थांबून आपल्या मोबाईलमधले फोटो, इथनं हे असं दिसतं. मुख्य चौकात दोन पिरॅमिड समोरासमोर. पिरॅमिड म्हटल्यावर डोक्यात इजिप्त येतं, तसे टोकदार नाहीत, पायऱ्यापायऱ्यांचे दगडी चौथरे, वर देऊळ असायचं. झाडांची मुळं दगडात शिरलेली. भिंती काही ठिकाणी अजून उभ्या आहेत, दाराची जागा ओळखू येते, त्यातनं चालत जाता येतं. चेंडूचं मैदान बघून पोरगी एकदम जागी झाली. घट्ट रबराचा चेंडू, हाताला पायाला लावायचा नाही, कमरेनं मारायचा. म्हणाली पप्पा, आमच्या पीटीच्या सरांना सांगू का. सांग म्हटलं, आणि पट्टा बांधायला पण सांग.

आईचा प्रश्न मात्र वेगळाच होता आणि मला वाटतं पूर्ण टूरमधला तो सगळ्यात कामाचा प्रश्न. "वर पाणी कुठनं आणायचे ते विचार." ज्या शहरात चार-पाच दिवसांनी नळाला पाणी येतं तिथल्या बाईला डोंगरावरचं शहर दाखवलं तर ती दुसरं काय विचारणार. बाई म्हणाल्या, नदी खाली आहे, तेहुआन्तेपेक नदी, डोंगराच्या पायथ्यालगत, आणि हा भाग कोरडा, उन्हाळ्यात अंग भाजतं. एवढं बोलून त्या भलत्याच गोष्टीवर गेल्या आणि ती गोष्ट मला लई आवडली. त्याच नदीवर वरच्या अंगाला धरण आहे, मेक्सिकोचे जुने राष्ट्राध्यक्ष बेनितो हुआरेस यांच्या नावाचं. ते बांधताना हालापा देल मार्केस नावाचं जुनं गाव पाण्याखाली गेलं, लोकांना दुसरीकडं वसवलं. पाणी खूप उतरलं की त्या गावचं जुनं चर्च वर येतं. मी म्हटलं थांबा, आणि मोबाईलवर पळसदेवच्या देवळाचे फोटो काढून कॅमेऱ्यासमोर धरले, उजनीचं पाणी उतरलं की दिसतं ते. दोन मिनिटं आम्ही दोघं एकमेकांना बुडालेली देवळंच दाखवत होतो. बाकी कनेक्शनवाले कंटाळले असतील, त्यात एक जोडपं कॅनडाचं वाटत होतं, त्यांनी कॅमेरा बंद केला.

आता मुख्य विषय, वेढा.

1497 च्या सुमारास अझटेक इकडं आले. अझटेक म्हणजे आजच्या मेक्सिको सिटीच्या जागी राजधानी असलेले, त्या काळातले दादा लोक. त्यांना दक्षिणेकडं सोकोनुस्कोला जायचा रस्ता हवा होता, तिथं कोको पिकतो, आणि कोकोच्या बिया त्यांच्यात पैशासारख्या चालायच्या. मध्ये तेहुआन्तेपेक. झापोटेक राजा कोसिहोएसा, त्यानं शेजारच्या मिश्टेक लोकांना सोबत घेतलं आणि गिएनगोला धरून बसला. सात महिने. आवित्सोत्लची फौज खाली, हे वर. गड पडला नाही. शेवटी काय झालं असेल? लग्न. आवित्सोत्लनं आपली मुलगी कोयोलिकात्सिन कोसिहोएसाला दिली आणि प्रकरण मिटवलं. लोककथेत तिला कापसाचा पुंजका म्हणतात, इतकी गोरी होती म्हणून. मी टॉवेलच्या कारखान्यात हिशोब बघतो, दिवसभर कापसाचे कण नाकात जातात, त्यामुळं हे नाव ऐकून मला त्या राजकन्येचं थोडं वाईटच वाटलं. पुढं त्या लोककथेत असंही आहे की बापानं गुपचूप माणसं पाठवून तिच्याकडनं नवऱ्याच्या सैन्याची गुपितं काढायचा प्रयत्न केला, आणि तिनं ते सरळ नवऱ्यालाच सांगून टाकलं.

इथं सर खुर्चीतनं उठले. खरोखर उठले. म्हणाले, "त्यांना सांग, आमच्या किल्ल्यापायी पण लग्न झालंय. एक नाही, दोन."

आणि मग पुढचा अर्धा तास सर बोलले, मी भाषांतर केलं, आणि ज्या टूरचे आम्ही पैसे भरले होते ती टूर आम्हीच देत होतो. आपल्या सोलापूरकरांना पण हे किती जणांना माहीत असतं देव जाणे, मला स्वतःला निम्मंच माहीत होतं, आपण किल्ला म्हणजे बागेत भेळ खायला जायची जागा समजतो. तर 1523 च्या सुमारास विजापूरच्या इस्माईल आदिलशहानं आपली बहीण अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाला दिली, लग्न इथं सोलापुरातच झालं, आणि हुंड्यात सोलापूरचा किल्ला द्यायचं कबूल केलं. लग्न झालं आणि किल्ला काय दिला नाही. झालं, त्यावरनं दोन्ही घराणी वर्षानुवर्षं लढत बसली. मग 1564 च्या सुमाराला उलटा हुंडा, अहमदनगरच्या हुसेन निजामशहाची मुलगी चांदबीबी विजापूरच्या अली आदिलशहाला दिली आणि सोबत सोलापूर. म्हणजे गिएनगोलाच्या लग्नात आणि आपल्या पहिल्या लग्नात पंचवीसेक वर्षांचं अंतर. दोन्हीकडच्या माणसांना जगात दुसरी बाजू आहे हे सुद्धा ठाऊक नव्हतं आणि दोन्हीकडं किल्ल्याच्या भांडणात पोरगी पुढं केली.

बाईंनी विचारलं, पुढं चांदबीबीचं काय झालं. सर म्हणाले, नवरा मेल्यावर तिनं विजापूरचा कारभार सांभाळला, आणि पुढं 1595-96 ला मोगलांनी अहमदनगरला वेढा घातला तेव्हा तटावर तीच उभी होती. बाई थोडा वेळ काही बोलल्याच नाहीत. मला वाटलं नेट गेलं. मग म्हणाल्या, आमच्याकडं राजाचं नाव सगळ्या पाट्यांवर आहे, त्या राजकन्येचं नाव पोरींच्या तोंडी आहे. आईनं विचारलं काय म्हणाली, मी सांगितलं, आई नुसती मान हलवत राहिली.

मग मुलाचं पण सांगितलं बाईंनी. कोसिहोएसा आणि ह्या राजकन्येचा मुलगा कोसिहोपी, तेहुआन्तेपेकचा राजा. स्पॅनिश लोक आले ते ह्याच्याच काळात, 1521 नंतर. त्यानं बाप्तिस्मा घेतला, नाव झालं दोन हुआन कोर्तेस, आणि बऱ्याच वर्षांनी म्हातारपणी जुन्या देवांची पूजा करताना सापडला म्हणून त्याच्यावर खटला भरला. गिएनगोला मात्र त्याआधीच रिकामं झालं होतं, लोक खाली तेहुआन्तेपेकला उतरून राहिले होते, 20 किलोमीटरच्या आतबाहेर. म्हणूनच ते टिकलं म्हणे, त्याच्यावर स्पॅनिशांनी दुसरं गाव बांधलं नाही, दगड काढून नेले नाहीत. सोडून गेल्यामुळं राहिलं. आपल्या सोलापूरच्या भुईकोट किल्ल्याच्या आजूबाजूला काय काय उभं राहिलंय ते आठवून मी विषय बदलला.

खायचं राहिलंच. वेळ संपली होती, स्क्रीनवर कंपनीची लाल पट्टी येत होती, 'सत्र समाप्त होत आहे', आणि बाईंनी ती बाजूला सारून विचारलं तुमच्याकडं जेवायची वेळ ना, काय आहे आज. बायकोनं कडक भाकरी आणि शेंगा चटणी पुढं धरली. बाई ओरडल्याच. आत पळाल्या आणि एक गोल चकती घेऊन आल्या, भोकं भोकं पडलेली, कडकडीत. टोटोपो. मक्याच्या पिठाची भाकरी, बोटानं भोकं पाडतात, आणि जमिनीत पुरलेल्या मातीच्या भांड्याच्या आतल्या अंगाला चिकटवून भाजतात, आपल्या तंदूरसारखं. त्या भांड्याला कोमिश्काल म्हणतात. आठवडेच्या आठवडे टिकते, प्रवासाला न्यायची, गड्याला रानात बांधून द्यायची. आईनं भाकरी कॅमेऱ्याजवळ नेऊन मोडली, कट्ट आवाज. बाईंनी टोटोपो मोडला, कट्ट. हे दोघींनी तीनदा केलं. ते आवाज काय मापाचे होते ते लिहून कळणार नाही, पण मला विचाराल तर टूरचा शेवट कंपनीनं तिथंच करावा, सगळ्यांनी एकेक कडक काहीतरी घेऊन बसावं. आईचं मत असं पडलं की भोकं पाडायची युक्ती चांगली आहे, फुगत नसेल. बायकोचं मत, मक्याला ज्वारीची चव नाही. टोटोपो न खाता दिलेलं मत आहे, तेवढं समजून घ्या. चटणीतली मिरची तुमच्याकडनं आली म्हटल्यावर त्यांनी हात जोडले, आणि कुठं शिकल्या काय माहीत, अगदी नमस्कारासारखे.

जाता जाता त्यांनी लॅपटॉप उचलून रस्त्याकडं फिरवला. समोरनं तीन चाकी गाडी गेली, मागं उघडा हौदा आणि त्यात दोन बाया सरळ उभ्या, घेरदार स्कर्ट, वर भरतकामाचं झंपर, बाजाराला चालल्या होत्या. तेहुआन्तेपेकचा बाजार बायकाच चालवतात म्हणे. पोरगी म्हणाली ह्या गाडीत उभं राहून जायला मिळणार असेल तर मी आत्ता पासपोर्ट काढते.

अधिकृत दीड तास, प्रत्यक्षात दोन तास दहा मिनिटं. जास्तीच्या वेळाचे बाईंना कंपनी काही देते का मी विचारलं, त्यांनी हसून टाळलं. म्हणून मी टिप वेगळी दिली, पण ती पण कंपनीच्याच खात्यातनं जाते आणि त्यात ते वाटा कापतात, हे बुकिंगच्या वेळी कुठं लिहिलेलं नाही.

बाकी तांत्रिक बाबतीत फार बोलण्यासारखं नाही. चित्र बरं, आवाज बरा, मध्ये एकदा आमच्याकडं लाईट गेली ती आमची चूक. रेकॉर्डिंग 48 तासांत देणार होते, आलं नवव्या दिवशी, आणि त्यात फक्त पहिली वीस मिनिटं, म्हणजे नेमका तो ढँण ढँण भाग. बाईंचं बोलणं, नकाशा, भाकरी, काही नाही. कस्टमर केअरला लिहिलं तर चॅटमधला रोबो दर वेळी 'तुमची अडचण आम्ही समजू शकतो' म्हणतो आणि मला परत त्याच फॉर्मवर पाठवतो. रिफंड मागितलाय तो ह्याच्यासाठी. अर्धाच मागितलाय, पूर्ण मागायला मन झालं नाही.

घ्यायची का? घरात विचारणारी माणसं असतील तर जरूर घ्या. नुसतं बघायला बसणार असाल तर नको, तेवढ्यात नळदुर्गला सहकुटुंब जाऊन पाणी महाल बघून येता येईल, 114 बुरूज आहेत, मोजत बसा. आणि खरोखर गिएनगोलाला जायचा बेत असेल तर बाईंनी सांगितलेलं सांगतो, स्थानिक माणूस सोबत घेतल्याशिवाय चढू नका, पहाटे निघा, वर दुकान-बिकान काही नाही, पाणी तुमचं तुम्ही न्यायचं. सोलापूरकरांना पाणी भरून ठेवायची सवय आहेच. बुक करताना एक करा, पहिला व्हिडिओ वगळून थेट गाईडशी बोलायचं आहे असं सूचनेच्या रकान्यात लिहा. आमच्यानंतर माझ्या भाच्यानं पुण्यातनं तसं लिहून बघितलं, त्याला पूर्ण वेळ गाईडच मिळाली. दुसरी होती पण, आमची नाही.

दुसऱ्या दिवशी रविवारी सकाळी सर, पोरगी आणि मी भुईकोटात गेलो. बाईंनी चांदबीबीच्या हुंड्यातला किल्ला बघायला मागितला होता. पोरीनं बाहेरच्या तटापासनं व्हिडिओ काढला, सर पुढं चालत इंग्रजीत बोलत होते, चाळीस वर्षं मराठीत शिकवलेला माणूस, पण अडखळत का होईना सगळं सांगितलं, दुहेरी तट, खंदक, बाजूचा सिद्धेश्वर तलाव. मध्ये एका बुरुजापाशी दोन पोरं रील करत होती, त्यांना सरांनी बाजूला व्हायला सांगितलं, आणि मग त्यांनाच उभं करून हुंड्याची गोष्ट ऐकवली, ते पण व्हिडिओत आलंय. अकरा मिनिटांचा झालाय. बाईंना थेट पाठवता येत नाही, कंपनी नंबर देत नाही, त्यांच्या ॲपमधनं पाठवायला गेलो तर फाईल मोठी आहे म्हणतंय. पोरगी तुकडे करून पाठवतीय, पहिले तीन गेलेत.

आईनं वेगळंच काढलंय. चार कडक भाकऱ्या फडक्यात बांधून ठेवल्यात आणि मेक्सिकोला पार्सल पाठवायला किती पडतं ते विचारून ये म्हणतीय. सोमवारी पोस्टात जाऊन येतो, कळलं की इथंच खाली टाकतो.